खुणांचा करार : मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी पुस्तिका

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातली गावे अर्धी रिकामी होतात. मोहटादेवीची नवरात्रातली यात्रा आटोपते आणि कोयता घेतलेली माणसे ट्रक-ट्रॅक्टरांत बसून साखर कारखान्यांची वाट धरतात. मागे म्हातारी माणसे आणि शिकणारी मुले उरतात. त्यांतली एखादी मुलगी तालुक्याच्या गावी राहून संगणकशास्त्राची पदवी घेत आहे, असे धरून चालू. तिच्यासमोरच्या यंत्रावर बरेचसे सॉफ्टवेअर मुक्त असते : लिनक्स, पायथन, लिब्रेऑफिस, गिट. परवान्याला पैसे लागत नाहीत. आतली रचनाही उघडी. कुणीही वाचावी, बदलावी, वाटावी. अडते ते शिकण्यापाशी. शहरातल्या मुलाला रात्री अकरा वाजता शंका आली तर शेजारच्या खोलीत मित्र असतो, क्लास असतो, नोकरीला लागलेला चुलतभाऊ असतो. तिच्याजवळ असते ती त्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली पुस्तिका. लिहिणारा हजारो मैलांवर, विचारायची सोय नाही, आणि पुस्तिकेतल्या एका कंसाचा अर्थ चुकला तरी यंत्र 'आज्ञा सापडली नाही' एवढेच सांगून गप्प बसते.

हा लेख त्या कंसाबद्दल आहे. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत कोणता शब्द ठळक असावा, कोणता कंसात, आज्ञा कशी वेगळी काढावी, इशारा कुठे द्यावा, ओळ कुठे तोडावी याबद्दल. विषय किरकोळ वाटेल. पण पुस्तिका मराठीत लिहायला घेतली की पहिल्या पानावरच लक्षात येते की हे संकेत इंग्रजीच्या लिपीतून उगवलेले आहेत आणि देवनागरीत जसेच्या तसे रुजत नाहीत. ('डॉक्युमेंटेशन'साठी 'दस्तऐवजीकरण' हा शब्द रूढ होऊ पाहतो आहे. आपल्याकडे दस्तऐवज म्हटले की खरेदीखत आणि सातबारा डोळ्यांपुढे येतो. म्हणून मी इथे 'पुस्तिका' म्हणतो, मग ती कागदावर असो वा पडद्यावर.)

या संकेतांचे मूळ बऱ्याच अंशी एका पुस्तिकेत सापडते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली आणि तिची 'प्रोग्रामर्स मॅन्युअल' काढली. पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिच्यात प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान आहे आणि पानांवरची कलमे ठरलेली : नाव, वापराचा सारांश, वर्णन, संबंधित फायली, हेही पाहा, आणि 'बग्ज', म्हणजे लेखकालाच ठाऊक असलेले दोष. आपल्या मालातला दोष छापील कलम करून सांगणे ही त्या पुस्तिकेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. आज लिनक्सवर 'मॅन' ही आज्ञा दिली की जे पान उघडते, त्याचा सांगाडा अजून जवळजवळ हाच आहे.

त्याच पुस्तिकेच्या प्रस्तावनेत खुणांचा खुलासा केलेला आहे. अधोरेखित शब्द जसाच्या तसा टाइप करायचा. चौकटी कंसातला भाग ऐच्छिक. तीन टिंबे असतील तर आधीची गोष्ट पुन्हा पुन्हा देता येते. वाचकाला एवढ्या तीन गोष्टी कळल्या की पुढची सगळी पाने उलगडतात. पुढे छपाईची साधने सुधारली, ठळक आणि तिरका टाइप मिळू लागला, आणि संकेत बदलला : जसेच्या तसे टाइप करायचे ते ठळक, आणि स्वतःच्या मजकुराने बदलायचे ते तिरके. गंमत पुढे आहे. तिरके अक्षर दाखवू न शकणारा पडदा त्याऐवजी खाली रेघ मारतो. म्हणजे १९७१ साली ज्या रेघेचा अर्थ 'जसेच्या तसे ठेव' असा होता, त्याच रेघेचा अर्थ आज 'हे बदल' असा निघतो. खूण स्वयंभू नसते. लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने आपसांत केलेला तो करार असतो, आणि करार कुठेतरी लिहून ठेवलेला नसेल तर नवख्या वाचकाने तो अंदाजाने ओळखायचा असतो.

आपली पाथर्डीची विद्यार्थिनी इथेच अडखळते. 'फाइलचे नाव' हे शब्द टोकदार कंसात लिहिलेले पाहून ती कंसांसकट टाइप करते. तिची काही चूक नाही. कंस ही बदलायच्या जागेची खूण आहे, आज्ञेचा भाग नव्हे, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. आणि त्याहून वाईट म्हणजे टोकदार कंसाला आज्ञेच्या जगात स्वतःचा वेगळा अर्थ आहे : एका दिशेचा कंस फाइलमधून मजकूर घेतो, दुसऱ्या दिशेचा फाइलमध्ये मजकूर ओततो. त्यामुळे कंस टाइप केल्यावर नेहमी नुसती चूकच दाखवली जाईल असे नाही. कधी एखादी भलतीच फाइल तयार होईल, कधी असलेली पुसली जाईल.

इंग्रजी पुस्तिका हा फरक दाखवायला चार साधने वापरतात : मोठी अक्षरे, तिरकी अक्षरे, ठळक अक्षरे आणि सारख्या रुंदीची अक्षरे. देवनागरीत या चारांचे काय होते ते पाहू.

मोठी-लहान अक्षरे आपल्याकडे नाहीतच. इंग्रजीत बदलायचा शब्द सगळा मोठ्या अक्षरांत लिहिला की भागते. 'रीडमी' नावाची फाइल परंपरेने मोठ्या अक्षरांत लिहितात यामागेही व्यावहारिक कारण आहे. संगणकाच्या जुन्या अक्षरसंचात मोठ्या अक्षरांचे क्रमांक लहान अक्षरांच्या आधी येतात, त्यामुळे ती फाइल यादीत वर दिसते. मराठीत ही युक्ती मुळातच उपलब्ध नाही. तिरक्या टाइपाची परंपराही आपल्याकडे रोमनसारखी नाही. रोमन इटालिक हा स्वतंत्र वळणाचा टाइप आहे. आपला बहुतेक तिरका टाइप म्हणजे सरळ अक्षर यंत्राने ढकलून वाकवलेले. शिरोरेषा आडवीच राहते आणि अक्षरे खाली कलंडतात. ठळक टाइप चालतो, पण लहान आकारात 'क्ष', 'द्ध', 'ष्ट' यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते. मोबाइलच्या पडद्यावर तर फारच. अधोरेखन सर्वांत वाईट. रोमन अक्षरे बहुतांशी तळरेषेवर उभी असतात, मराठीचे उकार आणि पाय मोडल्याची खूण तळाखाली असतात. रेघ नेमकी त्यांच्यातून जाते आणि 'कु' की 'कू' हे सांगता येत नाही. सारख्या रुंदीच्या अक्षरांचे तर बोलायलाच नको. टंकलेखकाच्या चौकटीत 'म', 'र' आणि 'ज्ञ' यांना एकच रुंदी देणे म्हणजे एकाला सैल अंगरखा आणि दुसऱ्याला तोकडा. आज्ञा देण्याच्या काळ्या खिडकीत अनेकदा वेलांट्या नि मात्रा आपल्या अक्षरापासून सुटून शेजारी जाऊन बसतात.

खुणांचा करार मराठीला नवा आहे, असे मात्र कुणी समजू नये. पोथ्यांमध्ये शब्द सलग लिहिले जात. दंडापलीकडे विरामचिन्हे जवळजवळ नव्हती. छपाई आली, वाचक अनोळखी झाला, आणि खुणांची गरज भासली. खुद्द अहमदनगरहून १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू झाले. १८५० साली मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका निघाली आणि स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही आज आपली वाटणारी मंडळी मराठीत स्थिरावली. ती इंग्रजीतूनच उचललेली होती. पण उचलताना ती मराठी वाक्यात कुठे बसतात याचा विचार कुणीतरी केला आणि तो छापला. सॉफ्टवेअरच्या पुस्तिकांबाबत हीच दुसरी पायरी राहिली आहे. शासनाने २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली मराठी वर्णमाला आणि वर्णलेखनाविषयी निर्णय काढले, 'ल' आणि 'श' यांची रूपे निश्चित केली. आज्ञा कशी छापावी हा काही त्या निर्णयांचा विषय नव्हे. तो लिहिणाऱ्यांनीच ठरवायचा.

माझ्या मते मराठीजवळ एक साधन असे आहे की जे इंग्रजीजवळ नाही, आणि ते आपण वापरत नाही. ते म्हणजे दोन लिप्या. आज्ञा रोमनमध्येच टाइप करावी लागते. मग बदलायची जागा देवनागरीत लिहावी. रोमन आज्ञेच्या मध्ये 'तुमची-फाइल' असा देवनागरी शब्द आला की तो तिरका करायला नको, ठळक करायला नको, कंसात घालायला नको. पुस्तिकेच्या सुरुवातीला एकच ओळ पुरे : आज्ञेत जे रोमन ते जसेच्या तसे, जे देवनागरी ते तुम्ही बदलायचे. हा संकेत काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर टिकतो आणि व्हॉट्सॲपवरून पाठवला तरी टिकतो. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्याला वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही दोन लिप्यांतला फरक ओळखू शकते. आणि समजा तिने तो शब्द न बदलता तसाच टाइप केला, तर लिनक्सला देवनागरी नाव चालते. फार तर 'तुमची-फाइल' नावाची फाइल खरोखरच तयार होईल. टोकदार कंसाच्या मानाने ही शिक्षा सौम्य आहे.

याची एक पोटअट आहे : आज्ञेतले अंक रोमनच हवेत. मराठी मजकुरात आपण ७५५ लिहितो ते योग्यच, पण फाइलच्या परवानग्या बदलणाऱ्या आज्ञेत देवनागरी ७५५ चालत नाही. मजकुरातला अंक मराठी, आज्ञेतला अंक रोमन, हे लेखकाने डोळ्यांत तेल घालून पाळावे. कारण शोधा-आणि-बदला करणारा उत्साही संपादक एका झटक्यात पुस्तिकेतल्या सगळ्या आज्ञा मराठी करून टाकू शकतो.

दुसरी अडचण विभक्तीची, आणि ही खास मराठी. इंग्रजीत फाइलचे नाव वाक्यात कुठेही आले तरी बदलत नाही. आपण प्रत्यय लावतो, आणि प्रत्ययाआधी शब्दाचे सामान्यरूप करतो. मग आज्ञेच्या नावाला 'ने' लावायचे की नाही? लावले तर चौकटीच्या आत की बाहेर? आत लावले आणि वाचकाने उतरवून घेतले, तर प्रत्ययासकट आज्ञा जाते. यावर उत्तर नव्याने शोधायला नको. मराठी वर्तमानपत्रे ते वर्षानुवर्षे वापरत आली आहेत. आपण 'श्यामची आईत' असे लिहीत नाही, 'श्यामची आई' या पुस्तकात असे लिहितो. नाव अवतरणात अस्पर्श राहते आणि विकार सगळा 'या पुस्तकात' यावर पडतो. पुस्तिकेतही तेच करावे : अमुक या आज्ञेने, तमुक या फाइलमध्ये, अशा नावाच्या फोल्डरात. वाक्य चार अक्षरांनी वाढते, पण नाव सोवळ्यात राहते. शिवाय 'या आज्ञेने' म्हटल्यावर ती वस्तू कोणती आहे, आज्ञा की फाइल की मेनू, हे नवख्या वाचकाला आपोआप कळते. इंग्रजी पुस्तिकांत हे सांगायला वेगवेगळे टाइप लागतात.

हीच अडचण सॉफ्टवेअरच्या पडद्यावरच्या वाक्यांत अधिक टोचते. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, गनोम, केडीई यांची मराठी भाषांतरे स्वयंसेवकांनी आणि काही संस्थांनी केली आहेत. भाषांतरकारापुढे येते ती ओळींची जोडी : वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली रिकामी जागा. वाक्यात एखादे टक्क्याचे चिन्ह आणि अक्षर असते. तिथे चालू प्रणाली ऐन वेळी एखादा शब्द भरते. 'अमुक हटवायचे?' यात 'अमुक' म्हणजे फाइल असेल तर 'हटवायची', चित्र असेल तर 'हटवायचे', आणि फोल्डर असेल तर काहींना 'हटवायचा', काहींना 'हटवायचे'. इंग्रजी लेखकाला हा प्रश्न पडतच नाही, म्हणून त्याने त्याची तजवीजही केलेली नसते. सुटकेची वाट एकच : येणारा शब्द वाक्यातून बाहेर काढून विसर्गचिन्हानंतर ठेवावा. 'हटवण्याची खात्री करा : अमुक.' वाक्य थोडे पोस्टाच्या तारेसारखे होते, पण व्याकरण शाबूत राहते.

आता वाक्यरचना. इथे मात्र मराठीचे पारडे जड आहे. इंग्रजीत पुस्तिका लिहिणाऱ्यांना शिकवले जाते की आधी जागा सांगा, मग कृती. आधी अट, मग आज्ञा. इंग्रजी क्रियापद आधी धावत येते आणि वाचक 'सेव्ह ॲज निवडा' वाचून ते कुठे आहे हे शोधत बसतो. मराठीत 'फाइल या मेनूतून सेव्ह ॲज निवडा' हाच सहज क्रम आहे. हात आधी मेनूवर जातो, मग त्यातल्या ओळीवर. जुन्या लिब्रेऑफिसवर असाल तर आधी अमुक करा, हेही आपण न शिकवता अशाच क्रमाने बोलतो. इंग्रजीतून भाषांतर करताना पुष्कळदा हा क्रम उलटा होतो आणि आपली जमेची बाजू आपणच गमावतो.

पण क्रियापद शेवटी येण्याची एक किंमत आहे, आणि ती इशाऱ्यांत मोजावी लागते. 'ही आज्ञा मुख्य खात्यातून, मागची प्रत न घेता, चालू डिस्कवर देऊ नका.' यातले 'नका' सर्वांत शेवटी येते. घाईत वाचणारा मध्यावरच हात चालवतो. कागदावर हे खपून जाते. आज्ञा उतरवून लगेच चालवण्याच्या जगात नाही. म्हणून मराठी पुस्तिकेत इशारा वेगळ्या ओळीवर, कृतीच्या आधी, आणि नकार डोक्यावर घेऊन यायला हवा : 'करू नका', मग विसर्गचिन्ह, मग काय ते. आणि धोक्याची आज्ञा इशाऱ्याखालीच, नमुना म्हणूनसुद्धा, सहज उतरवता येईल अशी देऊ नये.

आज्ञार्थाचे रूप कोणते घ्यावे यावरही लेखकांत एकवाक्यता नाही. 'क्लिक करा', 'क्लिक करावे', 'क्लिक करणे', आणि दफ्तरी वळणाचे 'क्लिक करण्यात यावे'. शेवटचे टाकून द्यावे. ते वाचून कुणी क्लिक करावे हेच कळत नाही. 'करावे' हे मराठी कृतिलेखनाचे जुने आणि सभ्य रूप आहे, आणि ते आपल्याला स्वयंपाकघराने दिले आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) हे मला मराठीतल्या पुस्तिकालेखनाचा उत्तम नमुना वाटते. पाककृतीत 'साहित्य' वर आणि 'कृती' खाली असते. जे हाताशी हवे ते सगळे आधी, माप वाटी-चमच्याचे, म्हणजे घरात असतेच. सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत याच गोष्टीला पूर्वतयारी म्हणतात : कोणती प्रणाली, कितवी आवृत्ती, आधी काय बसवलेले हवे. पुष्कळ पुस्तिकांत ही गोष्ट सातव्या पायरीवर उगवते. फोडणी जळत असताना कडीपत्ता आणायला बागेत पळावे लागते, तसे.

या सगळ्याचा सर्वांत मोठा प्रत्यक्ष प्रयोग महाराष्ट्रात झाला तो आय. आय. टी. मुंबईत. तिथल्या रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय अभियानाच्या मदतीने उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या साधारण दहा-दहा मिनिटांच्या दृक्‌श्राव्य पाठांचा तो संग्रह आहे, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्याचे ध्वनिमुद्रण झाले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो चित्रफितींचा प्रकल्प वाटतो. आतून तो लेखनसंकेतांचा प्रकल्प आहे. प्रत्येक पाठाची संहिता दोन स्तंभांत लिहिली जाते : डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे काय बोलले जाईल. त्याच संहितेच्या दुसऱ्या रूपात डावीकडे वेळ आणि उजवीकडे वाक्य असते, म्हणजे मराठी वाक्य त्या क्षणाच्या हालचालीशी जुळवता येते. सुरुवात ठरलेली : या पाठात काय शिकाल, कोणती प्रणाली नि कितवी आवृत्ती वापरली आहे, आधी काय येत असायला हवे. शेवटी सारांश आणि स्वाध्याय.

त्यांच्या संकेतांपैकी दोन मला फार मोलाचे वाटतात. एक, भाषांतर फक्त आवाजाचे होते. पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीच राहते. भाषाभिमानाच्या दृष्टीने हे खटकेल, पण विद्यार्थिनीला उद्या ज्या यंत्रावर काम करायचे आहे ते तसेच दिसणार आहे. मराठी वाक्यात इंग्रजी मेनूचे नाव तसेच ठेवण्याचा संकेत इथून पक्का होतो : जे पडद्यावर दिसते तेच नाव, त्याच वर्णांत. पडदा मराठी केलेला असेल तर मग मराठी नाव, पण दोन्हींची खिचडी नको. दुसरा, संहिता जाणकाराने तपासल्यावर ती एका नवख्यालाही करून पाहायला देतात. तो अडला की दोष संहितेचा. पुस्तिकेची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही, आणि तालुक्याच्या महाविद्यालयात या कसोटीसाठी माणसे शोधावी लागत नाहीत.

मजकुराची साठवण कशी करावी याविषयीचा एक संकेत वाचकाला दिसतही नाही, पण तो सर्वांत दूरगामी आहे. मुक्त प्रकल्पांच्या पुस्तिका आज बहुधा साध्या मजकुराच्या फायलीत लिहितात. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडलेली 'मार्कडाउन' ही पद्धत सर्वांत लोकप्रिय : ओळीच्या आरंभी चौकटीचे चिन्ह म्हणजे शीर्षक, शब्दाभोवती तारका म्हणजे जोर, उलट्या टिंबांत आज्ञा. या फायलींचे बदल 'गिट' नोंदवते. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी ते २००५ साली लिहिले. गिट बदल दाखवते तो ओळीगणिक. आख्खा परिच्छेद एका ओळीत लिहिला असेल आणि कुणी एक वेलांटी सुधारली, तर परिच्छेदच बदलला असे दिसते आणि तपासणाऱ्याला ती वेलांटी शोधत बसावी लागते. म्हणून संकेत असा, की फाइलमध्ये एका ओळीत एकच वाक्य लिहावे. छापताना परिच्छेद आपोआप जुळतो.

हे वाचून ओवी आठवल्याशिवाय राहत नाही. पाथर्डीहून उत्तरेला शेवगाव ओलांडले की पैठण. नेवासे तर आपल्याच जिल्ह्यात. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढच्या तीन शतकांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत गेले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांचे शुद्धीकरण केले आणि आपल्या कामाचा काळ ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवला. आज दोन प्रतींतला फरक आपण अध्याय आणि ओवीचा क्रमांक देऊन सांगू शकतो, कारण मजकूर मुळातच लहान, मोजता येणाऱ्या घटकांचा आहे. गद्य पुस्तिकेला ही सोय 'एका ओळीत एक वाक्य' या संकेताने मिळते. फरक एवढाच, की नाथांनी पुढच्यांना आपल्या ओव्या त्यात घालू नका असे बजावले. मुक्त पुस्तिका घाला म्हणते, पण नाव, तारीख आणि कारण नोंदवून.

शेवटी शोधाविषयी, कारण पुस्तिका आता पहिल्या पानापासून कुणी वाचत नाही; शोधून नेमक्या जागी उतरतात. मराठीत तिथे न दिसणारे खड्डे आहेत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी, आणि पुष्कळदा आजही, ते 'अ' आणि वरचा चंद्र असे दोन तुकड्यांत लिहिले जाते. डोळ्याला सारखे, यंत्राला भिन्न. 'दऱ्या'मधला ऱ्यसुद्धा दोन प्रकारे टाइप होतो; एका प्रकारात मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असते. 'फाइल' आणि 'फाईल' यांची तर दृश्य फारकत. कुठे 'जतन करा', कुठे 'साठवा', कुठे सरळ 'सेव्ह करा'. पुण्यात रेड हॅटच्या आधाराने २००८च्या सुमारास सुरू झालेल्या 'फ्युएल' या उपक्रमाने नेहमी लागणाऱ्या शब्दांच्या याद्या भाषागणिक एकत्र बसून ठरवण्याचा प्रयत्न केला, आणि त्यात मराठीही होती. यादीतला प्रत्येक शब्द मला पटतो असे नाही. पण पुस्तिकेत एका गोष्टीला एकच शब्द असावा हा आग्रह पटतो. ललितलेखनात पुनरुक्ती टाळणे हा गुण असेल. इथे तो दुर्गुण आहे.

खुणांना खरा धोका असतो तो वाटेत. तालुक्यात टिपणे फिरतात ती व्हॉट्सॲपवरून. तिथे शब्दाच्या दोन्ही बाजूंची तारका म्हणजे ठळक, खालची रेघ म्हणजे तिरके. आज्ञेतल्या तारका नि रेघा अशा पडद्यावरून नाहीशा होतात. लिहिण्याचे सॉफ्टवेअर सरळ अवतरणचिन्हे वळवते आणि दोन लहान रेघा जोडून एक लांब रेघ करते. माणसाला छान दिसते, यंत्राला कळत नाही. आज्ञा पाठवताना तिच्या दोन्ही टोकांना तीन-तीन उलटी टिंबे द्यावीत. मग ती जशीच्या तशी पोचते.

आणि चूक सापडली तर? मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात शिरण्याची सर्वांत खुली वाट पुस्तिकेतूनच जाते. आज्ञावलीतला दोष दुरुस्त करायला वर्षांचा सराव लागतो; सातव्या पायरीवरची पूर्वतयारी पहिल्या पायरीवर आणायला लागत नाही. आपली विद्यार्थिनी मूळ प्रकल्पाची प्रत घेते, ती ओळ बदलते, आणि बदलाबरोबर एक टिपण जोडते. त्याचाही संकेत आहे : पहिली ओळ छोटी, काय बदलले, मग एक ओळ मोकळी, मग का बदलले. पहिली ओळ साधारण पन्नास अक्षरांत बसवावी असे म्हणतात. पन्नास कशी मोजायची, हा मराठीचा प्रश्न अजून सुटायचा आहे. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर. यंत्र त्याची क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार धरते. तोवर ओळ डोळ्यांना लांब वाटली की तोडावी.